रोपाला मीठ लागतं: कोर्लई, सागरगड, कर्नाळा

मी शाळेत शिकवते. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाची रांग सरळ करता येते, असा माझा आवाज आहे. दरवर्षी चाळीसेक मुलांना एखाद्या किल्ल्यावर नेते. मागच्या वर्षी उतरताना एक मुलगी घसाऱ्यावरून बसत बसत पंधरा फूट खाली गेली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ती घसरली तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे होते आणि मला पाच मिनिटं काही कळलंच नव्हतं.

म्हणून जानेवारीत आमच्याकडच्या एका गिर्यारोहण संस्थेच्या तीन दिवसांच्या शिबिरात नाव घातलं. प्रस्तरारोहण आणि नेतृत्व, असा विषय. 'नेतृत्व' वाचून जरा कपाळाला आठी पडली होती. वाटलं, संध्याकाळी कुणीतरी फळ्यावर बाण काढून भाषण देणार. तसलं काही झालं नाही. आम्ही अकरा शिबिरार्थी होतो आणि दोन प्रशिक्षक, एक दादा आणि एक ताई. मी वयाने सगळ्यांत मोठी, म्हणजे सगळ्यांची 'मॅडम'.

पहिला दिवस कोर्लईला. अलिबागहून रेवदंडा, तिथून कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई, एकूण वीसेक किलोमीटर. मुंबईकरांना गेटवे ते मांडवा बोट आणि पुढे अलिबागला बस हा सोपा मार्ग. गाडी आणायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. किल्ला पोर्तुगीजांचा, आणि खालच्या गावात आजही पोर्तुगीज मिसळलेली स्वतःची बोली बोलतात. किल्ल्याच्या तटबंदीवर चढायचं नाही, तिला रोप (चढाईचा दोर) बांधायचा नाही, हे दादांनी गाडीतून उतरायच्या आधीच सांगितलं. आमचं काम दीपस्तंभाच्या खालच्या अंगाला, समुद्रातल्या काळ्या कातळांवर होतं.

तिथे पहिला धडा प्रशिक्षकांकडून मिळालाच नाही. जाळं विणत बसलेले एक नाखवा आमच्याकडे बघून म्हणाले, "आज तीज हाय. सव्वादोनला पानी भरंल. दहाचे आत वर या, मंग मना बोलू नका." हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तृतीयेला तीन गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोन. त्याच्या सहा तास आणि थोडी मिनिटं आधी, म्हणजे आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पुनवेनंतरचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर ओसरलेलं, कातळ पायथ्यापर्यंत उघडे. अष्टमीच्या आसपास गेलात तर भांगाचं पाणी फार हटत नाही आणि निम्मी जागा ओलीच राहते. तेव्हा शनिवार-रविवार बघण्याआधी कालनिर्णय बघा. आम्ही सातला उतरलो आणि पावणेदहाला सामान आवरलं. साडेबाराला वर दीपस्तंभाजवळ डबे खाताना खाली पाहिलं, तर आम्ही बिले देत, म्हणजे चढणाऱ्याचा रोप खालून सांभाळत, उभे होतो तिथे लाटा फुटत होत्या.

कातळाचा खालचा चार-पाच फुटांचा पट्टा टाळा. तिथे शेवाळ असतं आणि कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. हात फाटतो आणि नव्या रोपाचं आवरणही. त्याच्या वर मात्र बेसाल्ट कोरडा, खरबरीत आणि पकडींनी भरलेला. सकाळचा पहिला तास रोपाशिवाय, डोक्याच्या उंचीपर्यंतच. दोन हात, दोन पाय, त्यांपैकी तीन कायम कातळावर आणि एकच हलवायचा. हे ऐकायला बालवाडीतलं वाटतं. करायला गेलं की कळतं, आपण सगळा भार हातांवर टाकतो आणि पायांना विसरतो. दहा मिनिटांत माझ्या पोटऱ्या शिलाई मशीनसारख्या थरथरायला लागल्या. ताई खालून म्हणाल्या, "टाचा खाली करा, हात सरळ ठेवा, श्वास घ्या." टाच खाली केल्याबरोबर थरथर थांबली.

मग हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) आणि आठाची गाठ. गाठ मारायची, टोक हार्नेसमधून घ्यायचं आणि त्याच गाठीवरून उलटं फिरवत आणायचं. मी मारली. शाळेत स्काउट-गाइड घेते, गाठींचं मला काय सांगता, अशा थाटात मारली. माझा जोडीदार एकवीस वर्षांचा, रेवदंड्याचा, फारसा न बोलणारा मुलगा होता. त्याने गाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता बोटाने दाखवलं. टोक शेवटच्या वळणात शिरलंच नव्हतं. त्या गाठीवर मी दुमजली घराएवढी चढणार होते. चढण्याआधी एकमेकांचं बकल, गाठ आणि कॅराबिनरचं (रोप अडकवायच्या धातूच्या कडीचं) कुलूप हात लावून तपासायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. हे जोडीदाराचं काम आहे आणि त्यात वय, पदवी, ओळख बघायची नसते.

वर गेल्यावर खरी गंमत. मी ओरडले, "टाइट!" खाली काहीच नाही. पुन्हा ओरडले. माझा तो मैदानभर जाणारा आवाज वाऱ्याने आणि लाटांनी पाच फुटांवर गिळला. खालचा मुलगा वर बघतोय, मी हातवारे करतेय, रोप ढिला. शेवटी दादांनी खालूनच त्याच्या खांद्यावर हात ठेवून रोप ओढायला लावला. पुढच्या फेरीआधी आम्ही खुणा ठरवल्या: एक हिसका म्हणजे रोप घट्ट कर, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे मी वर सुरक्षित, बिले काढ. समुद्राजवळ किंवा वळणापलीकडे चढणार असाल तर हे जमिनीवर उभं असतानाच ठरवा. प्रत्येक गटाच्या खुणा वेगळ्या असतात, त्यामुळे 'आपल्याला माहीतच आहे' हे गृहीत धरू नका.

आणि मीठ. समुद्राच्या हवेत लोखंड किती टिकतं ते कोकणात कुणाच्याही खिडकीचे गज बघून कळतं. किनाऱ्याजवळच्या कातळात आधी कुणी ठोकलेला बोल्ट किंवा पेग दिसला तर त्यावर भार टाकू नका. गंज वरून दिसतो त्याहून आत जास्त असतो, आणि स्टेनलेस स्टीललाही खाऱ्या हवेत बारीक भेगा जातात. आम्ही वरच्या मोठ्या दगडांना स्लिंग (मजबूत पट्टे) गुंडाळून अँकर, म्हणजे रोपाचा आधार, केला. दोन स्लिंगमधला कोन अरुंद ठेवायचा, साठ अंशांच्या आत. एकशे वीस अंशांना पोचलात की दोन अँकर मिळून भार वाटून घेत नाहीत, प्रत्येकावर पूर्ण भार येतो. दादांनी हे दोन माणसांच्या हातात भरलेली बादली देऊन दाखवलं. लांब उभे राहिलात की हात भरून येतात, जवळ आलात की हलकं वाटतं. फळा लागला नाही.

रात्री रोप गोड्या पाण्यात घाईने एकदा विसळले आणि सावलीत टाकले. उन्हात कधीच नाही. नायलॉनला ऊन लागतं.

दुसरा दिवस सागरगड. अलिबाग-पेण रस्त्यावर खंडाळे गाव, तिथून वाट धोंडाण्याच्या धबधब्याच्या बाजूने सिद्धेश्वराकडे, पुढे माचीवरची वाडी, मग गड. धबधबा जानेवारीत कोरडाच होता. तीन तास धरा, प्रत्येकी तीन लिटर पाणी न्या. सकाळी आठनंतर दमट उकाडा असा की थंडी फक्त पंचांगात.

आज दर तासाला एक नेता. माझी पाळी दुसऱ्या तासाला. मी पुढे झाले आणि बोलत सुटले. आंग्रे, कुलाबा, समोर दिसणारे खांदेरी-उंदेरी, सगळं. वर्गात असते तशी. लोक हो हो म्हणत होते. अर्ध्या तासाने ताईंनी मागून मला गाठलं आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, तुमचा शेवटचा माणूस कुठे आहे?"

मी वळून मोजले. नऊ. कालचाच माझा जोडीदार मागे एका दगडावर बसला होता, पोटरीत गोळा आलेला. सकाळपासून पाणी कमी प्यायला होता आणि सांगायला लाजला. मी एवढं बोलत होते की सांगायला जागाच नव्हती. मीठ-साखरेचं पाणी, पाय सरळ करून पंजा अंगाकडे ओढणं, वीस मिनिटं सावली, आणि तो चालायला लागला. तो कालच्याइतकाच गप्प होता. मीच आज जास्त गप्प झाले.

त्या दिवसानंतर माझी मांडणी बदलली, ती तुमच्या कामाची वाटली तर घ्या. सगळ्यांत हळू चालणारा पुढून दुसरा. शेवटी एक अनुभवी माणूस, त्याच्याकडे प्रथमोपचाराची पेटी, आणि त्याच्या मागे कुणीही जायचं नाही, लघवीलासुद्धा सांगून. मी मधे किंवा मागे. दर वळणावर मोजणी. परतायची वेळ सकाळीच ठरवायची आणि गावात कुणाला तरी सांगून जायची. ठरल्या वेळेपर्यंत गड आला नाही तरी मागे फिरायचं. फोनला रेंज असेल तिथे ११२ लागतो, पण रेंज कुठे आहे हे चढतानाच बघून ठेवावं लागतं.

गडाच्या टोकापुढे वानरटोक हा सुळका सुटा उभा आहे. तो आम्ही लांबूनच पाहिला. सराव बाजूच्या छोट्या कड्यावर केला आणि तिथे सह्याद्रीच्या दगडाची खोड कळली. लाव्ह्याचे थर, एक टणक, एक भुसभुशीत. हाताला छान लागणारी पकड अख्खी निघून हातात येऊ शकते. आधी बोटांच्या पेरांनी ठोकायची. भांड्यासारखा पोकळ आवाज आला तर सोडून द्यायची. काही सुटलंच तर 'दगड!' एवढंच ओरडायचं, आणि खालच्याने वर न बघता कड्याला चिकटायचं. हेल्मेट जेवताना काढलं तर कड्यापासून लांब बसून जेवा.

दादांनी लीड करून, म्हणजे वरून रोप नसताना पहिल्यांदा चढत आणि वाटेत रोप अडकवत जाऊन, दाखवलं तेव्हा आमच्यातल्या दोन पोरांचे डोळे चमकले. मग दादांनी पडण्याचं गणित सांगितलं. किती फूट पडलात, भागिले पडणारा आणि बिले देणारा यांच्यामध्ये किती फूट रोप आहे. वीस फूट रोपावर दहा फूट पडलात तर अर्धा. बिले देणाऱ्याच्या वर काहीच न अडकवता पडलात तर उत्तर दोन, आणि त्याहून वाईट झटका नाही. म्हणून पहिलं अँकर लवकर लावायचं. लीडला डायनॅमिक रोप, तो ताणला जाऊन झटका खातो, स्टॅटिक, न ताणणारा, रॅपलिंगला म्हणजे रोपावरून उतरायला. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, तेव्हा विचारून घ्या. आणि चढणारा जमिनीवर येईपर्यंत बिले देणाऱ्याचा ब्रेकचा हात रोपावरून सुटता कामा नये, फोन वाजला तरी.

तिसरा दिवस कर्नाळा, आणि नेता मी. पनवेलपासून बारा किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गावरच. पनवेल-पेण साधी गाडी अभयारण्याजवळ थांबते, विनाथांबा गाडीत बसू नका. पायथ्याच्या अलीकडचं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. हे मी मनातल्या मनात म्हटलं, मोठ्याने नाही. अभयारण्य असल्यामुळे तिकीट, प्लॅस्टिकची मोजदाद, आणि संध्याकाळपर्यंत खाली यायचं. सुळका चढायचा असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. आमच्या संस्थेने ती घेतली होती.

चढ दीड-दोन तासांचा, मुळांचा आणि दगडांचा, पण सावलीचा. दोनदा स्वर्गीय नर्तक दिसला. वर तुटक्या दरवाजांतून आत गेलं की तो अंगठ्यासारखा सुळका, सव्वाशे फुटांचा सरळ बेसाल्ट, पायथ्याशी कोरलेली टाकी. टाक्यांच्या थंडाव्यात उभं राहून मी वर पाहिलं. मधमाश्यांची पोळी आहेत हे आधीपासून माहीत होतं. आग्यामोहोळ कर्नाळ्याचं जुनंच रहिवासी. आमचा मार्ग दुसऱ्या अंगाने होता. पण वारा आमच्याकडून पोळ्यांकडे वाहत होता, आणि एका पोळ्यावर माश्यांची लाट सरकत होती, वरून खाली, पुन्हा वरून खाली. जमिनीवर मधमाश्या उठल्या तर तोंड झाकून पळता येतं. रोपावर पळता येत नाही.

दादा-ताई माझ्याकडे बघत होते, काही सुचवत नव्हते. मी सगळ्यांना हाताने जवळ बोलावलं आणि कुजबुजत म्हटलं, "आज चढायचं नाही. आवाज न करता उतरायचं, मी शेवटी." एवढंच. एकाने पाठीवरचा रोप दाखवून विचारलं, "मग हे ओझं काय फोटोला आणलं?" मी उत्तर दिलं नाही. तो तोंड पाडून पुढे चालायला लागला आणि निम्म्या वाटेपर्यंत तसाच होता. मला त्याचा राग आला नाही. मलाही वर जायचं होतंच.

उतरताना एक घोळका भेटला, गळ्यात स्पीकर अडकवून गाणी लावलेला. ताईंनी त्यांना थांबवून पोळ्यांबद्दल सांगितलं. त्यांनी आवाज कमी केला, बंद नाही. कर्नाळ्याला जाणार असाल तर अत्तर, सिगरेट, स्पीकर, तिन्ही घरी ठेवा.

खाली आल्यावर सपाटीवर, झाडांना, आम्ही तासभर अँकर बांधले आणि सोडले. रुसलेल्या मुलाचा अँकर सगळ्यांत नीट झाला.

पुढे जायचं असेल तर उत्तरकाशीच्या निममध्ये (नेहरू गिर्यारोहण संस्था, स्थापना १९६५) किंवा दार्जिलिंगच्या एचएमआयमध्ये (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, स्थापना १९५४) बेसिक कोर्स करता येतो. निमचा अठ्ठावीस दिवसांचा. त्यात चांगली श्रेणी मिळाली की ॲडव्हान्स, आणि नंतर इतरांना शिकवण्याचाही कोर्स असतो. आमच्यातल्या दोघांनी अर्ज आणलेत. मी अजून नाही; आधी एप्रिलच्या परीक्षा.

एसटीच्या थांब्यावर मी बोटांनी मोजलं. माझ्यासकट अकरा, आणि प्रशिक्षक धरून तेरा. एकेक रोप धुवायला प्रत्येकाच्या घरी गेला. माझ्या वाट्याला कोर्लईचाच आला. रात्री न्हाणीघरात टबात बुडवला, साबण न लावता, हाताने वीत वीत चोळत. पाणी दोनदा फेकलं. तिसऱ्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. अजून खारटच होतं. चौथी बादली भरायला लावली.