अंधारावर संपणारं स्तोत्र

गर्भ गेल्याचं आम्ही दोघांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. रविवारी नगरला उपासनेनंतर सगळ्यांना हसून सलाम करायचे. रात्री प्रार्थनेला शब्दच फुटायचे नाहीत.

मग बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारावरच संपतं. तरी पहिल्याच ओळीत तारणाऱ्या देवाला हाक आहे. म्हणजे स्तुती सुचत नसतानाही त्याच्याशी बोलता येतं! वधस्तंभावर येशूनेही स्तोत्र २२ मधलाच आक्रोश केला होता, माझा त्याग का केलास म्हणून.

आता स्वयंपाकघर आवरलं की स्तोत्र ८८ मोठ्याने वाचते. रडू येतं, पण छातीवरचं दडपण उतरतं. परवा मोठ्या जाऊबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "अगं, एकटीच का सोसलंस? मीही गुडघे टेकले असते." बुधवारपासून आम्ही दोघी मिळून प्रार्थनेला बसतो.