ताटाच्या कडेला दोन बोटं

रविवार, रात्र

कपाट आवरताना आज ती वही हाताला लागली. बाविसाव्या वर्षी, नोकरीवर रुजू होण्याच्या आधी, आईबरोबर केलेल्या बारा दिवसांच्या प्रवासाची. पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला तेलाचा डाग, आत डकवलेल्या तिकिटांवरची छपाई पार उडालेली. आवरणं तिथेच राहिलं आणि मी जमिनीवर बसून अख्खी वही पाहिली. एकेचाळीस चित्रं आहेत. त्यांतली तेहतीस खाण्याची. उरलेल्यांत खिडक्या, पूल, माझे बूट, एक झोपलेलं मांजर. आईचं एकही नाही.

एकही नाही म्हणणं तसं बरोबर नाही. नवव्या पानावर सुपाचा वाडगा आहे आणि वाडग्याच्या वर, जिथे कागद संपतो तिथे, दोन बोटं आहेत. नखं अगदी बारीक कापलेली, तर्जनीच्या मधल्या पेरावर सुरीचा जुना तिरका व्रण. तो व्रण मी नीट काढलाय, रेघ दोनदा गिरवून. म्हणजे तेवढं मला दिसलं होतं. पानाखाली लिहिलंय, ‘सूप निवायच्या आत चित्र पूर्ण!’

सूप निवलं होतं. माझं निवलं आणि तिचंही. मला आता स्पष्ट आठवतंय, तिने चमचा उचललाच नव्हता. मी रंगांची डबी उघडली की ती हात टेबलाच्या कडेला ठेवून बसायची. आपण खायला लागलो तर मांडणी विसकटेल म्हणून. ‘तू काढ, मला कसली घाई आहे?’ बारा दिवस, दोन्ही वेळा.

वहीतली ताटं बघता बघता एक गोष्ट लक्षात आली आणि ती मनातून जाईना. सगळी ताटं गोल आहेत. चित्र शिकताना हे पहिल्या महिन्यात सांगतात: खुर्चीवर ताठ बसून समोरचं ताट बघितलं तर ते गोल दिसत नाही, लंबगोल दिसतं. नजर जितकी खाली, टेबलाच्या पातळीकडे येईल, तितका तो लंबगोल चपटा होत जातो. ताट पुरतं गोल दिसायला त्याच्यावर ओणवं व्हावं लागतं. मी ओणवी होते. तेहतीसच्या तेहतीस वेळा मान खाली, डोळे अन्नात. पाठ टेकून बसले असते तर ताट चपटं झालं असतं आणि कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात समोरचं माणूस आपोआप आलं असतं.

अन्नाचं चित्र माणसाला वाकवतंच, हेही खरं. ते थांबत नाही. लोणी कडेने वितळायला लागतं, सुपावर साय धरते, बर्फाचा तुकडा बघता बघता लहान होतो. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा सोडलेला कागद. सुपावर चमकणारा उजेड कुठे सोडायचा हे आधीच ठरवावं लागतं, एकदा रंग बसला की तो उजेड परत आणता येत नाही. त्या वीस मिनिटांत दुसरं काही सुचत नाही. मला ते फार आवडायचं. अजून आवडतं.

सतरावं पान पुसटून गेलंय. त्या दिवशी माझं शाईचं पेन संपलं म्हणून आईच्या पर्समधल्या पेनाने रेघा काढल्या आणि वर रंगाचा पहिला हात दिला, तर सगळ्या रेघा जांभळ्या होऊन वाहिल्या. रेघा काढून वर पाण्याचे रंग द्यायचे तर शाई वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी हवी, हे मी तिथे शिकले. पाव, अंडं, द्राक्षं, सगळं एकात एक मिसळलंय. मी त्याखाली चिडून लिहिलंय, ‘आईच्या पेनामुळे वाट लागली.’ हे वाक्य आज मला वाचवत नाही.

आणि एकविसावं पान. संत्र्याच्या दहा फोडी, प्रत्येकीच्या पांढऱ्या शिरा मोजून काढलेल्या. त्या सकाळी मला एक निरोप आला होता, ज्याच्यानंतर त्या माणसाशी पुन्हा बोलणं झालं नाही. वहीत त्याबद्दल चकार शब्द नाही. फक्त तारीख आणि फोडी. बाविसाव्या वर्षी मला तेवढंच करता आलं. संत्रं सोलून फोडी माझ्यापुढे मांडून ठेवणारी कोण होती, ते मात्र तिथे नाही.

सोमवार

काल रात्री झोप येईना म्हणून ड्यूरर या जर्मन चित्रकाराची प्रवासाची रोजनिशी पुन्हा काढली. १५२० च्या जुलैत तो न्यूरेम्बर्गहून नेदरलंड्सकडे निघाला. आदल्या वर्षी सम्राट मॅक्सिमिलियन वारला होता आणि नव्या सम्राटाकडून आपलं वर्षासन पुन्हा मंजूर करून घ्यायचं होतं. बरोबर बायको आग्नेस आणि मोलकरीण. वर्षभराचा प्रवास. हा एवढा मोठा चित्रकार रोजनिशीत काय लिहितो, तर खर्च, भेटी, कुणाला कुठलं चित्र दिलं, आणि जेवणं. अमक्याकडे जेवलो, तमक्याकडे जेवलो. एकाच घरी पुन्हा पुन्हा जेवण झालं की नावापुढे नुसत्या उभ्या रेघा, एका जेवणाला एक. आणि अँटवर्पच्या मुक्कामाबद्दल एक नोंद, की तो घरमालकाबरोबर खाली जेवणार आणि बायको आणि मोलकरीण वर रांधून वरच खाणार.

पूर्वी हे वाचून मला राग आला होता. रेघा घरमालकाच्या नावापुढे, बायको माडीवर.

पण रोजनिशीखेरीज त्या प्रवासात त्याच्याकडे चित्रांची एक छोटी वहीही होती. चांदीच्या टोकाने रेघ उमटवायची, तीही लेप दिलेल्या कागदावर. अशी रेघ सहजी खोडता येत नाही, म्हणून हात टाकण्याआधी पुरतं बघून घ्यावं लागतं. त्या वहीत परतीच्या वाटेवरचं, १५२१ मधलं एक पान आहे: प्रवासाचं शिरोवस्त्र घेतलेली आग्नेस, वय झालेली, शेजारी कोलोनची एक मुलगी. आणि त्याच्या हाताने वर लिहिलंय, ऱ्हाइनवर, बोपार्टजवळ, माझी बायको. लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षं होत आली होती. माडीवर जेवणारी बाई शेवटी कागदावर आली, तीही न खोडता येणाऱ्या रेघेत. त्या पानाशी मी काल बराच वेळ थांबले. माझ्या वहीत शब्दांत आई आहे, पण तक्रारीपुरती (‘आई परत विचारत होती, पुढे काय’, ‘आईला लवकर परतायचं होतं’), आणि चित्रांत दोन बोटं.

सचित्र प्रवासवह्यांची माझ्यासारखी ओढ असलेल्यांनी ‘फ्रेंच मिल्क’ वाचलेलं असतं. लूसी नाइस्लीचं, २००८ साली आलेलं चित्रांतलं प्रवासवर्णन. नुकती विशीत आलेली मुलगी आणि तिची आई, सहा आठवडे पॅरिसमध्ये, पुढ्यात दोघींचे महत्त्वाचे वाढदिवस. पानंच्या पानं खाण्याची. बाविसाव्या वर्षी ते माझ्या पिशवीत होतं आणि माझी वही बरीचशी त्याच्या नादाने झाली. पण मला आता जास्त जवळचं वाटतं ते त्याच लेखिकेचं २०१५ चं ‘डिस्प्लेसमेंट’. त्यात ती नव्वदी ओलांडलेल्या आजीआजोबांना घेऊन जहाजाच्या सहलीला जाते आणि आजोबांनी लिहिलेल्या युद्धातल्या आठवणी मधेमधे गुंफते. पहिल्या पुस्तकात ती कुणाची तरी लेक म्हणून प्रवास करते, दुसऱ्यात दोन म्हाताऱ्या माणसांना सांभाळत. मधे जे घडतं त्याला लोक मोठं होणं म्हणतात. माझ्या मते त्याची खूण फार साधी आहे, टेबलावर कोण कुणासाठी थांबलंय एवढीच.

बुधवार

आज आईला वही दाखवली. चष्मा लावून तिने एकेक पान उलटलं, घाई न करता. सतराव्या पानावर थांबली आणि म्हणाली, ‘हे माझ्या पेनाने झालं ना? मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.’ मी माफी मागितली. तिने पान उलटलं.

मग मी विचारलं, तुला कंटाळा नाही आला कधी, रोज अन्न पुढ्यात ठेवून नुसतं बसायला?

‘नुसती कुठे बसायचे? तुझ्याकडे बघायचे. चित्र काढताना तू जीभ दातांत धरायचीस. लहानपणी अक्षरं गिरवताना धरायचीस तश्शी.’ मग थोडं थांबून, ‘जेवायला काय काय होतं ते मात्र मला आता आठवत नाही हं. ते तुझ्या वहीतच बघायचं.’

नवव्या पानावरची बोटं तिने ओळखली नाहीत. मी तिचा हात धरून व्रण दाखवला तेव्हा ओळखली.

रात्री जेवायला बसलो तेव्हा मी वही आणि पेन घेतलं. खुर्ची थोडी मागे सरकवली, पाठ टेकली. सवयीने आईने हात उचलून टेबलाच्या कडेला ठेवले.

‘नाही, तू जेव,’ म्हटलं.

‘हलेन ना मी.’

‘हल.’

ती जेवत राहिली. हनुवटी हलत होती, घास घेताना मान खाली जायची आणि चष्मा घसरायचा, तो ती मनगटाने वर सरकवायची. तिचं ताट माझ्या चित्रात चपटं आलंय, एका बोटाएवढंही जाड नाही. त्यात काय वाढलं होतं ते दिसत नाही. चष्म्याची रेघ चारदा वेगवेगळ्या जागी पडली आहे आणि चारही मी तशाच ठेवल्यात.