फिक्स्ड ब्लेड (न मिटणारा चाकू) अपडेट: पाट्याच्या चाकूने पावसाळा काढला

मागच्या वेळी ट्रकच्या पाट्यातून (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीतून) ठोकलेलं नुसतं काळं पातं दाखवलं होतं, आता त्याला धार, मूठ, म्यान सगळं झालंय आणि अख्खा पावसाळा तो माझ्या जुन्या मोरा कंपनीच्या चाकूशेजारी सॅकमध्ये फिरलाय, त्यामुळे आता दोघांबद्दल नीट बोलता येईल. मोरा म्हणजे कंपॅनियन, स्टेनलेसवाला, १०४ मिमी पातं, जाडी अडीच मिमी. स्वीडनमध्ये मोरा नावाचं गावच आहे, तिकडचा. दुसरा भोरच्या पुढच्या एका लोहारकाकांकडे ठोकून घेतलेला, पातं चार इंच, पाठीकडे घासून घासून तीन मिमीवर आणलंय.

आधी स्टीलचं, कारण सगळे तेच विचारतात. आपल्याकडे गाड्यांच्या पाट्यांना ईएन ४५ नावाचं स्प्रिंग स्टील बऱ्यापैकी वापरतात, कार्बन ०.५ ते ०.६ टक्के आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के. आता भंगारातला पाटा नेमका कुठल्या ग्रेडचा हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही, आणि जुन्या पाट्यात डोळ्याला न दिसणारे तडे असतात ते वेगळंच. म्हणून काकांना आधीच सांगितलेलं की गाडीखालून काढलेला नको, स्प्रिंगवाल्याकडचा नव्या पाट्याचा कापलेला तुकडा आणतो. तो मिळतो, किलोवर मिळतो.

पाणी द्यायचं, म्हणजे पातं लालबुंद तापवून झटकन विझवून कडक करायचं काम बघण्यासारखं होतं. काका लोखंडाच्या रंगावर जातात, त्यामुळे दिवस कलल्यावरच भात्याला बसतात. मी खिशात लोहचुंबक घेऊन गेलेलो. साधारण ७७० डिग्रीला लोखंड चुंबकाला चिकटायचं बंद होतं, त्याच्या थोडं वर नेलं की पातं विझवायला तयार. काका ज्या रंगाला "आता" म्हणाले तिथे चुंबक खरंच सोडून देत होता, म्हणजे आयुष्यभराची नजर आणि फिजिक्स एकाच ठिकाणी आले! कोयत्याला ते पाण्यातच विझवतात, यासाठी मात्र मी कोमट तेलाचा आग्रह धरला कारण पातं पातळ होतं. त्यावर काका एवढंच बोलले, "पानी जास्त झालं तर काचंवानी तुटंल, कमी झालं तर वाकंल, मग माझ्याकडं यायचं न्हाई." बाहेर काढल्यावर कानस फिरवली तर ती न चावता नुसती घसरली, म्हणजे कडक झालंय. मग ठिसूळपणा घालवायला घरी ओटीजीमध्ये (छोट्या ओव्हनमध्ये) २०० डिग्रीला दोन-दोन तास दोनदा ठेवलं, बायको माहेरी असताना. पॉलिश केलेल्या भागावर वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग आला की हे टेम्परिंग झालं समजायचं, निळा दिसायला लागला तर धारेच्या मानाने मऊ पडलं.

पातळ पात्यावर माझं मत आता पक्कं झालंय. ऑनलाइन जे पाच-सहा मिमी जाडीचे सर्व्हायव्हल चाकू विकतात ते सह्याद्रीत कशाला पाहिजेत मला खरंच कळत नाही. लाकडावर ठेवून मागून दणके घालायचे, ओंडके फोडायचे, ते थंड देशातलं काम, तिथे बाहेरून भिजलेल्या लाकडातून आतलं कोरडं काढावं लागतं. आपण ट्रेकला काय करतो, कांदा-टोमॅटो चिरतो, काकडी, दोरी, पाकिटं, टेन्टचा एखादा खुंटा तासतो, बास. जाड पात्याने टोमॅटो कापून बघा, रस्सा होतो. आणि खरंच तोडातोडी करायची असेल तर गावातल्या कुठल्याही दादाच्या कमरेला आकडीत कोयता असतोच, त्याच्यापुढे आपला चार हजाराचा टॅक्टिकल चाकू म्हणजे खेळणं.

गंजाचं सांगतो. मोराला काही म्हणजे काही झालं नाही. त्याचं स्टील १२सी२७, क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. (डी टू नावाच्या स्टीलचे चाकूवाले मध्ये येतील म्हणून आधीच सांगतो, त्यात क्रोमियम १२ टक्के असलं तरी कार्बन दीड टक्का आहे, बरंचसं क्रोमियम कार्बनशी जोडून कार्बाइडमध्ये अडकतं, म्हणून तो गंजतो.) पाट्याच्या चाकूत गंज रोखणारं काहीच नाही, म्हणून मी सुरुवातीलाच त्याला काळा करून टाकला. साबणाने धुवून तेलकटपणा काढायचा, गरम व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवायचा, काळं पडलं की धुवून पुसून तेल. चिंचेच्या कोळानेही होतं, रंग जरा डागाळलेला येतो पण मला तोच आवडला. या थरामुळे गंज थांबत नाही, फक्त हळू येतो आणि आला तर वरवर येतो, स्टीलवूलने निघतो. खाण्याच्या चाकूला मशीनचं तेल नको वाटतं म्हणून मी खोबरेल लावतो, थंडीत थिजतं पण पात्याला काही फरक पडत नाही. लिंबू कापलं की लगेच पुसायचा, एवढी एक सवय लावून घ्या.

चामड्याचं म्यान दिसायला एक नंबर पण पावसात त्यात चाकू ठेवायचा म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखंच. चामडं पाणी धरतं, कमावलेलं असल्यामुळे थोडं आंबटही असतं, आतल्या आत पातं खातं. माझं म्यान दीड इंची पीव्हीसी पाईपचं आहे, खर्च जवळपास शून्य. पाईप उभा चिरला, हीट गनने लांबून हळूहळू मऊ केला (जवळ धरून जाळू नका, धूर घातक असतो, हे गॅलरीतच करा), दोन फळ्यांमध्ये सपाट केला, मग परत गरम करून पात्याभोवती दुमडून दाबून धरला. पात्यावर आधी मास्किंग टेपचे दोन थर, नाहीतर म्यान इतकं घट्ट बसतं की चाकू निघत नाही. खाली पाणी निघायला भोक ठेवा, मोराच्या प्लॅस्टिक म्यानालाही ते असतंच. घरी आलं की चाकू म्यानाबाहेर ठेवायचा, हे दोघांनाही लागू.

धारेत मोरा सोपा आहे. बाजूचा उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप मिळतो, १००० ग्रिटचा (जितका आकडा मोठा तितका बारीक) दगड, मग ३०००, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पॉलिशची हिरवी पेस्ट. पाट्याच्या चाकूला कोन हाताने धरावा लागतो, तिथे मार्करची युक्ती वापरा, धारेवर मार्कर फिरवायचा आणि दगडावर एक-दोन हात मारून शाई कुठली गेली ते बघायचं. एका बाजूला पूर्ण लांबीभर बर (धारेवर उलटलेली बारीक कड) आल्याशिवाय दुसरी बाजू घ्यायची नाही, नखाला खरखर लागते बघा. सायकलवरच्या धारवाल्याकडे मात्र देऊ नका, ठिणग्या उडेपर्यंत कोरड्या चाकावर धरला की पातळ धारेचं पाणी उतरतं, ओटीजीतली सगळी मेहनत गेली.

आणि रोज जवळ बाळगायचं म्हणाल तर शहरात मी फिक्स्ड ब्लेड बाळगत नाही, स्पष्ट सांगतो. आर्म्स रूल्समध्ये ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलीयत, आणि तेवढंच वाचून लोक छोटा चाकू कमरेला लावून फिरतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतात त्यात चाकू-सुरे बाळगायलाच मनाई असू शकते, आणि कोयता गँगच्या बातम्यांनंतर पुण्यात कोणी तुमचं हॉबीचं प्रवचन ऐकून घेईल असं वाटत नाही. म्हणून सॅकच्या तळाशी, म्यानात, भांड्यांच्या डब्यासोबत. दुसरी गोष्ट ट्रेकवाल्यांना माहितीच नसते, वन्यजीव कायद्यात वेपनच्या व्याख्येत चाकूही आहे आणि कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात तो लेखी परवानगीशिवाय नेता येत नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हे अभयारण्याच्या हद्दीत येतात, वासोटा कोयनेत. तिकडे मी भाजी घरूनच चिरून नेतो.

बाकी राहिलं मुठीचं. आत्ता सागवान आहे, अराल्डाइट आणि दोन पितळी रिव्हेट, पण पावसात सागवान फुगून एका बाजूला पात्याच्या वर आलंय, बोटाला कड लागते. आता बाभूळ बसवायचा विचार आहे, अवजारांचे दांडे बाभळीचेच असतात ते उगाच नाही. तुकडा आणून सावलीत वाळत टाकलाय. कोणी बाभळीला जवसाचं तेल पाजून बघितलंय का? किती हात दिले आणि मूठ चिकट राहिली का तेवढं सांगा, म्हणजे जुनी मूठ काढायला घेतो.