पीळ नसलेला दरवाजा

काळाचौकीतल्या आमच्या चाळीत तळमजल्यावरची दहा बाय बाराची खोली हेच माझं वेल्डिंगचं वर्कशॉप. रात्री तिथेच आई झोपते. जाड लोखंडी प्लेटचं टेबल इथे चालणारच नाही. ४ बाय ३ फुटांची १० मिमी जाडीची प्लेट सुमारे ८७ किलो भरते. ती रोज संध्याकाळी हलवणार कोण? म्हणून घडीची दोन स्वस्त वेल्डिंग टेबलं घेतली. वर पातळ पत्रा, क्लॅम्प (काम पकडून ठेवणारे शिकंजे) अडकवायला लांबट खाचा, खाली मिटणारे पाय. त्यांच्यावर पहिलं मोठं काम केलं तो दिवस माझ्या चांगलाच लक्षात राहिलाय.

काम होतं तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या जाळीच्या दरवाजाचं. जुना दरवाजा कुणीतरी फरशीवरच जोडलेला. वरची कडी लागली की खालचा कोपरा बोटभर बाहेर. आजी रोज तो पायाने दाबून धरायच्या. मी कर्ण मोजले, दोन्ही सारखे. म्हणजे गुण्यात होता, कोपरे काटकोनात होते, पण पीळ पडला होता, चारही कोपरे एका पातळीत नव्हते. टेपने पीळ सापडत नाही.

वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि फ्रेमला ओढतं. त्यात खालची जागाच वाकडी असेल तर विचारूच नका. आमच्या फरशीला मोरीकडे चांगला उतार आहे. भाचा आयटीआयत वेल्डरचा ट्रेड करतो. तो सकाळीच लेव्हलची नळी घेऊन आला.

"मामा, आधी लेव्हल काढू."

"लेव्हल नसली तरी चालेल रे. दोन्ही टेबलं एका पातळीत हवीत. उतार असला तर दोघांना एकच."

टेबलं अंतर ठेवून आडवी मांडली. त्यांवर दारूखान्यातल्या भंगारातून एक डोळा मिटून, नजर लावून निवडलेले दोन-इंची चौकोनी दोन पाइप लांबीत टाकून क्लॅम्प केले. पातळ पत्र्यावर मी थेट विसंबत नाही, एका जागी फार तापला तर तो फुगतो. खरी पातळी पाइपांची.

मग दोरा. पाइपांच्या चार टोकांवरून दोन दोरे कर्णात ताणले. मधे ते एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. खालचा दोरा वर घेऊनही बघायचं, कारण वरचा दोरा खालच्याला दाबत असेल तर फट दिसतच नाही. आमच्याकडे मधे ६ मिमी फट आली. म्हणजे एक कोपरा १२ मिमी खाली, कारण कोपरा जेवढा उतरतो त्याच्या निम्मं मधे दिसतं. भाच्याने हे कागदावर मांडून बघितलं आणि मगच मान डोलावली. मला ते फार आवडलं. त्या बाजूच्या पायाखाली पत्र्याचे तुकडे सारत गेलो. दोरे टेकले.

टेबलांवर जस्ताचा चकचकीत थर होता. जिथे ठिणगी जवळ येणार तिथला ग्राइंडरने काढून टाकला, तोंडाला मास्क आणि दार सताड उघडं. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायलं की बाधत नाही असं कारागीर सांगतात, त्यावर विसंबू नका. वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा क्लॅम्प टेबलाला न लावता थेट कामाला लावला, नाहीतर करंट घडीच्या सांध्यांतून जातो आणि तिथे ठिणग्या उडतात. दारात पोरं डोकावू नयेत म्हणून जाड पडदा लावला, बाजूला वाळूची बादली.

नव्या दरवाजाची १९८० बाय ९१० मिमीची फ्रेम, एक इंची पाइप, १६ गेज जाडीच्या पत्र्याचा. आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके, म्हणजे ठिपक्याएवढं वेल्डिंग. कर्ण २१७९ आणि २१८१. लांब कर्णावर हातोडीने हलकं ठोकून दोन्ही सारखे केले. मग अडीच मिमीचा वेल्डिंग रॉड, ६० अँपिअरच्या आसपास, आणि एक कोपरा झाला की समोरचा. सलग ओढत गेलं की पाइप वाकतो. भाचा घाई करत होता. मी प्रत्येक सांध्यानंतर त्याला थांबवलं. हात लावता येईल इतका पाइप निवल्यावरच क्लॅम्प सोडले.

संध्याकाळी दरवाजा वर नेला. बिजागऱ्या मारल्या, लोटला. वर लागला तेव्हाच खालीही लागला. आजींनी सवयीने पाय पुढे केला आणि मागे घेतला. मग स्वतः दोनदा उघडून लावून बघितला, आणि म्हणाल्या, "परळला माझ्या बहिणीचाही असाच आहे रे, उद्या येऊन मापं घेशील का?" मी हो म्हटलं, आणि भाच्याला सांगितलं, टेपबरोबर दोराही घे, तिथल्या चौकटीलाच पीळ आहे का ते आधी बघू.