तो स्क्राइबर पडला होता

कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या कॅरिबू भागात मी लॉग केबिन बांधणाऱ्या टीममधे काम करतो, आता चौथं वर्ष. घराणं आमचं संगमेश्वरकडचं सुतारांचं, आजोबा वाकस चालवायचे तेव्हा मी ढलप्या गोळा करत बसायचो, त्यामुळे लाकूड नवीन नाही, पण इथलं काम फार वेगळं. आपल्याकडे आधी लाकूड चौरस करून घेतात आणि मग जोडतात. इथे ओंडका गोलच ठेवायचा, आणि वरच्याचं पोट खालच्याच्या पाठीवर असं कोरून बसवायचं की मधे फटच नको. खालच्याला गाठ असेल तिथे वरच्याला खड्डा, तो वाकला तिथे हाही वाकणार.

ती रेघ मारायचं हत्यार म्हणजे स्क्राइबर. मोठ्या कंपाससारखा असतो. खालचं टोक खालच्या ओंडक्यावरून फिरवायचं, वरच्या टोकातली जांभळी पेन्सिल (ती ओल्या लाकडावरही उठते) वरच्यावर तोच आकार उमटवते. दोन्ही टोकं कायम एकाच्या सरळ वर एक हवीत म्हणून त्याला पाणसळीसारखे बुडबुडे बसवलेले असतात, ते मधे ठेवून हळूहळू पुढे सरकायचं.

गेल्या जूनमधे विल्यम्स लेक शहरापासून चार तासांवर, शेवटचा टप्पा बोटीने, अशा एका तळ्याकाठी आम्ही तिघं होतो. मालकाची अट होती की सगळं हाताने, म्हणजे कुऱ्हाड, करवत, गोल पटाशी, दोरखंड. ओंडके स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे, वसंतात रस चढतो तेव्हा तोडलेले, कारण तेव्हा साल सहज निघते. बावीस फुटांचा ओला ओंडका अडीचशे किलोच्या वर भरतो, तो दोन तिरक्या खांबांवरून दोराच्या फासात लोळवत भिंतीवर चढवायचा. टीमचे प्रमुख पासष्टीचे आहेत, हाक मी नावाने मारतो, इथली तीच रीत, पण मनात ते मिस्त्रीच.

त्या सकाळी सातव्या ओंडक्याची रेघ माझ्याकडे होती. शिडीवर चढताना स्क्राइबर हातातून निसटला आणि दगडावर पडला. उचलला, टोकं बघितली, वाकली नव्हती, बुडबुडा फुटला नव्हता, म्हणून तसाच वर गेलो. कुणाला बोललो नाही, लपवायचं म्हणून नाही, मला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नाही.

मग दिवसभर कोरकाम. ओंडका भिंतीवरच उलटा करून लोखंडी आकड्यांनी पक्का केला, दोन्ही टोकांच्या खाचा कुऱ्हाडीने काढल्या, मधली लांब खोबण पटाशीने. डास एवढे की तोंडावर जाळी बांधून काम. संध्याकाळी सहाला खोबणीत लोकर भरली आणि तिघांनी मिळून ओंडका सरळ केला.

तो बसला नाही. सरळ भागात जवळजवळ टेकला होता, पण जिथे जिथे गाठ, फुगवटा, तिथे बोट आत जाईल एवढी फट, आणि फटीतून पलीकडचं तळं दिसत होतं. मिस्त्री काही न बोलता भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बोट फिरवत गेले, मग विचारलं, स्क्राइबर पडला होता का? मी हो म्हटलं. माझे कान तापले होते.

परत रेघ मारून आणखी खोल कोरता आला असता का, हा विचार केला आम्ही. पण मग खाच ओंडक्याच्या अर्ध्याहून खोल गेली असती आणि कोपराच कमजोर झाला असता. फट बुजवून टाकायची तर हे लाकूड सुकताना आठ फुटांची भिंत सहा इंचांपर्यंत खाली बसते (म्हणूनच आम्ही खिडक्यांच्या वर मोकळी जागा सोडतो), आणि मधेच अडलेला ओंडका वरच्यांना नीट बसू देत नाही. हिवाळ्यात त्या फटीतून उणे तीसची हवा आत येणार, राहणार ते दुसरेच कोणीतरी. ओंडका खाली उतरवला. मी कापलेल्या तोंडावरची वर्तुळं मोजली, ११२ भरली. एवढ्या वर्षांचं झाड, आणि मी दोन मिनिटं वाचवली होती.

जेवण झाल्यावर मिस्त्रींनी एक फळी झाडाला ठोकली. माझ्या पेटीत आजोबांचा पितळी ओळंबा (दोरी सरळ उभी राहावी म्हणून तिला लावायचं वजन) असतो, तो मी काढला, दोरी फळीवर सोडली, तिच्यामागे रेघ ओढली. स्क्राइबरची दोन्ही टोकं त्या रेघेवर धरून बुडबुडा बघितला तर तो बाजूला गेला होता, नुसत्या डोळ्याला दिसेल इतका. त्याचे स्क्रू पिळून परत मधे आणायला वेळ फार लागला नाही. जूनमधे इथे दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे लगेच त्याच दोरीवर तीनदा तपासलं.

नवीन ओंडका चौथ्या दिवशी दुपारी बसला. जुन्यातून दाराच्या वरची पट्टी आणि पायऱ्या निघाल्या. फळी अजून त्या झाडाला आहे, ओळंबाही उतरवताना मिस्त्री म्हणाले काम संपेपर्यंत असू दे, म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी मी तिथे जायचो.