वाचनालयाच्या वेबसाइटसाठी सीएमएस निवडताना

गणपतीत गावी गेले की वाचनालयात एक चक्कर होतेच. तिसरीपासून मी तिथली सभासद, आधी बालविभागात आणि मग मोठ्यांच्या कपाटात हात घालायची परवानगी मिळाली तो दिवस अजून आठवतो. यंदा गेले तर कार्यवाह काका म्हणाले, "तू त्याच लाइनमधली ना गं, आपली वेबसाइट गेलीय ती जरा बघ." मला वाटलं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, संपलं असेल, पैसे भरले की येईल परत. पण तसं नव्हतं.

साइट २०१२ साली एका एजन्सीने करून दिलेली. त्यांचं स्वतःचं बनवलेलं ॲडमिन पॅनल होतं, म्हणजे बाहेर कुठे विकत किंवा फुकट मिळेल असं काही नाही, फक्त त्यांच्याच क्लायंटना दिलेलं. एजन्सी बंद पडली, फोन लागत नाही, आणि डोमेन रजिस्टर केलेलं त्यांच्याच नावावर. शंभर वर्षांच्या आसपासचं वाचनालय आणि त्याच्या स्वतःच्या नावाचा पत्ता त्याच्या हातात नाही, मला खरंच खूप वाईट वाटलं. ग्रंथपाल ताईंच्या कॉम्प्युटरवर जुन्या पानांची एक सेव्ह केलेली प्रत होती म्हणून मजकूर तरी बचावला, तोही कसा ते पुढे सांगते.

तर प्रश्न होता नवीन साइट कशावर करायची, म्हणजे सीएमएस कुठला घ्यायचा. सीएमएस म्हणजे साइटवर मजकूर टाकायचं, बदलायचं सॉफ्टवेअर. कुठल्याही ग्रुपवर विचारलं तर लोक लगेच वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांच्या फीचर्सचे तक्ते पाठवतात आणि मीही सुरुवात तिथूनच केली, दोन रात्री ते तक्ते वाचत बसले, आणि मग लक्षात आलं की यातलं काहीच मला उपयोगाचं नाही. कारण साइट मी चालवणार नाहीये. मी पुण्यात. साइट ताई चालवणार, दुपारी देवघेव कमी असते त्या तासाभरात, बहुतेक वेळा स्वतःच्या मोबाइलवरून. आणि मी उद्या कामात अडकले, परदेशी गेले, तरी ती चालली पाहिजे. एवढंच मोजायचं ठरवलं: ताईंना जमतंय का, आणि उद्या हे सगळं उचलून दुसरीकडे नेता येतंय का.

मग मी एक काम केलं, जे कुणी सीएमएस निवडत असेल त्याने नक्की करावं असं मला मनापासून वाटतं. तीन ठिकाणी रिकाम्या साइट उभ्या केल्या आणि ताईंना तिन्हीवर एकच काम दिलं: दिवाळी अंक योजनेची सूचना टाकायची, वर्गणीची रक्कम लिहायची, मोबाइलमधला एक फोटो लावायचा, आणि मग मुद्दाम चुकवलेली तारीख दुरुस्त करायची. मी शेजारी गप्प बसले. गप्प बसणं फार अवघड असतं, हात सारखा माउसकडे जातो.

पहिलं ह्यूगो. मला स्वतःला अतिशय आवडतं, डेटाबेस नाही, सगळी पानं आधीच तयार होऊन बसतात, त्यामुळे साइट प्रचंड फास्ट आणि हॅक व्हायला सर्व्हरवर फारसं काही चालूच नसतं. पण त्यात मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा आणि मग साइट पुन्हा बिल्ड करून, म्हणजे सगळी पानं नव्याने तयार करून, वर चढवायची. ताईंनी फाइल उघडली, वरच्या तारखेच्या ओळीतलं एक अवतरण चिन्ह चुकून पुसलं गेलं आणि साइट तयारच होईना. त्यांचा चेहरा पडला, "मी काही मोडलं का गं?" म्हणाल्या. त्या एका प्रश्नाने ह्यूगो बाद झालं माझ्यासाठी. वापरणाऱ्याला आपण मोडलं असं वाटलं की माणूस परत हात लावत नाही.

दुसरं ड्रुपल. यातली एक गोष्ट वाचनालयासाठी फार छान आहे, प्रत्येक प्रकारच्या मजकुराचा वेगळा साचा करता येतो, म्हणजे 'व्याख्यान' असा प्रकार बनवला की वक्ते, विषय, तारीख, स्थळ असे रकाने आपोआप येतात आणि ताई फॉर्म भरल्यासारखं भरतात. त्यांना दाखलनोंदवहीची सवय, त्यामुळे रकाने बघून त्या खुश झाल्या. पण मागची बाजू बघा. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं आणि ५ जानेवारी २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, चौदा वर्षं म्हणजे खूपच झाली, पण ७ वरून पुढच्या व्हर्जनला जाणं हे नुसतं अपडेट नव्हतं, जवळपास साइट नव्याने बांधून माल हलवायचा असं काम होतं. नंतरच्या व्हर्जन्सचं तसं नाही, तरीही अपडेट करायला कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करून कॉम्प्युटर चालवणं, येणारं माणूस लागतंच आणि गावात ते माणूस नाही. युनिव्हर्सिटीची किंवा सरकारी खात्याची साइट असती तर मी डोळे मिटून ड्रुपल घेतलं असतं.

जूमला मी फार खोलात बघितलं नाही. ड्रॅग ड्रॉपवाले तयार बिल्डर तर आधीच काढून टाकले होते कारण त्यातल्या बहुतेकांमधून पूर्ण साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, आणि एकदा पोळल्यावर परत तेच नको.

राहिलं वर्डप्रेस, आणि शेवटी तेच घेतलं. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट्स त्यावर चालतात हे कारण आहेच, म्हणजे उद्या तालुक्यातला कॉलेजचा कुठलाही मुलगा बघून सांभाळू शकेल. पण मला जास्त भावलं ते त्याचा जन्म कसा झाला ते. बी२ नावाचं एक ब्लॉगिंग सॉफ्टवेअर होतं, ते बनवणारा काम थांबवून दिसेनासा झाला. पण कोड जीपीएल लायसन्सखाली खुला होता, म्हणजे ओपन सोर्स, कुणीही घेऊन बदलू शकेल असा, म्हणून मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तो उचलला आणि मे २००३ मध्ये वर्डप्रेस म्हणून पुढे नेला. आमच्या एजन्सीचंही तेच झालं की, बनवणारा निघून गेला, फक्त तिथे कोड बंद कपाटात होता म्हणून सगळं बुडालं. समितीच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा अध्यक्षांनी मान डोलावली, नाहीतर ओपन सोर्स म्हणजे फुकटचं, म्हणजे बिनभरवशाचं असंच त्यांना वाटत होतं.

ताईंची टेस्ट वर्डप्रेसवर एकदम सुरळीत झाली असं नाही हां. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ५.० पासून जो ब्लॉकवाला एडिटर आला त्यात प्रत्येक परिच्छेद वेगळा ठोकळा, आणि मोबाइलवर बोट जरा इकडेतिकडे लागलं की भलताच ठोकळा उघडतो. मग मी सूचनेचा एक तयार पॅटर्न करून ठेवला, शीर्षक, फोटो, मजकूर, वर्गणीचा तक्ता, त्यात फक्त शब्द बदलायचे. तारीख दुरुस्त करायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. "एवढंच?" म्हणाल्या.

आता मराठीपुरत्या तीन गोष्टी, ज्या इंग्रजी तक्त्यांत कुठेच नसतात आणि ज्यात माझे सगळ्यात जास्त तास गेले.

एक, जुना मजकूर. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी म्हणूनच ओळखला जाईल अशा पद्धतीने, नव्हताच, डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, म्हणजे पडद्यावर 'क' दिसतो पण आत असतं इंग्रजी कीबोर्डवरचं भलतंच अक्षर. कॉपी केलं की सगळा कचरा. कन्व्हर्टरने बराचसा सरळ झाला, पण जोडाक्षरं आणि रफार घसरले, ते ताईंनी आणि मी व्हिडिओ कॉलवर बसून ओळ न् ओळ वाचून नीट केले. शिवाय 'शेतकऱ्यांचा' मधला ऱ्या दोन पद्धतीने टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र आणि पुढे एक न दिसणारं जोडणारं कॅरेक्टर. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण साइटवर एक शोधलं की दुसरं सापडत नाही. साइटवर चढवायच्या आधी सगळीकडे एकच रूप करून घेतलं.

दोन, लिंक. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत मराठी अक्षर तीन बाइटचं, आणि पत्त्यात त्याचे टक्क्याच्या चिन्हासकट नऊ कॅरेक्टर होतात. पत्त्याच्या त्या भागाला मर्यादा २०० ची. म्हणजे काना, मात्रा, हलंत सगळे धरून जेमतेम बावीस चिन्हं. 'वासंतिक व्याख्यानमालेच्या उद्घाटनाचा वृत्तांत' असं शीर्षक टाकलं तर पत्ता 'वासंतिक-व्याख्यानमालेच्' इथे तुटला, अर्ध्या च वर, हलंत लोंबकळत. आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची चार ओळींची माळ, लोक घाबरून उघडतच नाहीत. मराठी पत्ता असावा असं मला फार वाटत होतं पण शेवटी पत्ता हाताने छोटा, रोमन अक्षरांत लिहायचा नियम केला, कारण तो हँडबिलावरही छापायचा असतो.

तीन, भाषा. सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंद जाते, आणि काही देवनागरी फॉन्ट त्यावरून ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. कुणी म्हणेल काय फरक पडतो. वाचनालयाच्या साइटवर पडतो.

समितीतल्या एकांचा आग्रह होता की २५,००० पुस्तकांची सगळी यादी वेबसाइटमध्येच टाका. त्याला मी नाही म्हटलं. पुस्तक कुणाकडे आहे, कधी परत येणार, हे सीएमएसचं काम नाही, त्याला ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर लागतं, एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेचं ई-ग्रंथालय आहे, किंवा न्यूझीलंडमध्ये एका ग्रंथालयासाठी बनलेलं आणि २००० सालापासून चालू असलेलं कोहा आहे, तेही ओपन सोर्स. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. ते पुढच्या वर्षी बघू, वेबसाइटवर तेव्हा फक्त त्याची लिंक देऊ.

प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची जादा सोयींची छोटी सॉफ्टवेअर, मोजून पाच ठेवलेत. वर्डप्रेस साइट हॅक होतात त्या बहुतांशी जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगइनमधून, म्हणून ऑटो अपडेट चालू आणि कुणी म्हणालं हे सरकत्या फोटोंचं नवीन सुंदर स्लायडर टाक तर साफ नकार. बॅकअप दर आठवड्याला होतो. एक लक्षात ठेवा, वर्डप्रेसच्या एक्सपोर्टमधून जी एक्सएमएल फाइल मिळते त्यात मजकूर असतो पण फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. अपलोड्सचं फोल्डर वेगळं उतरवून घ्यावं लागतं, आम्ही तेही पेनड्राइव्हवर घेतो.

नवीन डोमेन वाचनालयाच्या नावावर, वाचनालयाच्या ईमेलवरून घेतलं, माझ्या नाही. डोमेनचा, होस्टिंगचा आणि साइटचा असे तीन पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात सील केले, पाकीट काकांनी अनामत रकमेच्या पावतीपुस्तकांबरोबर लोखंडी कपाटात ठेवलं आणि रिन्यूअलची तारीख समितीच्या इतिवृत्तात लिहून घेतली. काल संध्याकाळी ताईंनी बालविभागाच्या नव्या पुस्तकांची सूचना टाकली, मला न विचारता. एका नावात वेलांटी चुकली होती, मी फोन करेपर्यंत त्यांनीच ती दुरुस्त केली होती.