बाईंच्या देवघरातली शाळा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहा, असं समितीचं पत्र आलं, तेव्हाच ठरवलं की लिहीन तर बाईंवरच. आपल्या शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की मराठीच्या बाई, हे आमच्या वेळच्या कोणालाही सांगावं लागणार नाही. बाकीच्या शिक्षकांचं ऋण आहेच. त्यांच्यावर त्यांचे विद्यार्थी लिहितील.

शाळेबाहेरच्या बाई मात्र थोड्यांनीच पाहिल्या असतील. सांगलीच्या गावभागातल्या त्या वाड्यात थोरली सून होऊन आल्या तेव्हा त्यांचे धाकटे दीर अजून शाळेत जात होते. ते 'वहिनी' म्हणत, म्हणून पुढे त्यांची मुलं, नातवंडं, शेवटी पतवंडंसुद्धा वहिनीच म्हणू लागली. यजमान लवकर गेले. दिरांची शिक्षणं, नणंदांची लग्नं, सासूबाईंचं अंथरुणावरचं आजारपण, सगळं बाईंच्या पगारावर निभावलं. 94 वर्षांचं आयुष्य लाभलं त्यांना, आणि शेवटपर्यंत घरातलं कोणतंही कार्य त्यांना विचारल्याशिवाय ठरलं नाही.

माहेर परळीचं, सज्जनगडाच्या पायथ्याचं. त्यामुळे समर्थ त्यांना घरातलेच. पहाटे कृष्णेवर स्नान, गणपतीचं दर्शन, मग दासबोधाचा एक समास वाचल्यावरच स्वयंपाकघरात पाऊल. 20 दशकं, 200 समास. संपले की पुन्हा पहिल्यापासून. गुरुवारी जमलं तर नरसोबाची वाडी. एरवी अंगात ताप असला तरी शाळेत येणाऱ्या बाई माघ वद्य नवमीला, दासनवमीला, गडावर असायच्या. हेडसर त्या दिवशीचे त्यांचे तास आधीच दुसऱ्याला लावून ठेवत.

मी बोलताना अडखळायचो. 'प' किंवा 'क'ने सुरू होणारा शब्द आला की ओठ मिटायचे ते मिटायचेच आणि मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. एका सरांनी तर "नाटकं करतोस काय?" म्हणून बाकावर उभं केलं होतं. बाईंनी मला वर्गात वाचायला कधी उठवलं नाही. आठवीत असताना एकदा मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "संध्याकाळी घरी येत जा रे. कापूस निवडायला माणूस हवंय मला."

लाख वातींचा संकल्प सोडला होता त्यांनी. देवघरासमोर पाट, पाटावर कापसाचा ढीग. मी सरकी काढून कापूस मोकळा करून द्यायचा आणि बाई चिमटीला भस्म लावून वात वळायच्या. हात चालू आणि तोंडाने मनाचे श्लोक. "तूही म्हण की. गप्प बसून काय करायचंय?" म्हणाल्या. मी त्यांच्या आवाजाच्या आडोशाने पुटपुटायला लागलो. सात-आठ श्लोक झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की बाई केव्हाच थांबल्या आहेत आणि मी एकटाच म्हणतोय, कुठेही न अडकता. बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. ताटलीत वात ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "उद्या पण ये."

कोणाच्या तरी बरोबरीने किंवा तालात म्हटलं की अडखळणं कमी होतं, हे आज वाचा-उपचार करणारे सांगतात. बाईंना ते कोणी शिकवलं होतं, देव जाणे. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तातले. लघु, गुरु, गुरु असं चार वेळा आलं की 12 अक्षरांचा चरण पुरा. दर लघूला बाई पाटावर बोट टेकवायच्या, मलाही टेकवायला लावायच्या. दिवाळीपासून दासनवमीपर्यंत सगळे 205 श्लोक पाठ झाले. मग एके दिवशी त्यांनी पुढ्यात वर्तमानपत्र टाकलं. गद्याला कुठला आलाय ताल? मी अडकलो. बाई म्हणाल्या, "बोट मांडीवर ठेव. देवाला घाई नाही, मलाही नाही. म्हण."

गृहपाठाची वही त्यांनी तपासली असेल की नाही, मला आठवत नाही. पण दहावीच्या निरोप समारंभात वर्गाच्या वतीने मी बोललो. तेव्हा हजर असलेले मित्र हे वाचतीलच.

आज मार्केट यार्डात माझं अडत दुकान आहे. राजापुरी हळदीचे सौदे निघतात तेव्हा शेतकरी एका बाजूला, खरेदीदार दुसऱ्या बाजूला आणि मध्ये भाव पुकारणारा मी. आवाज क्षणभर अडकला तर शेतकऱ्याचं नुकसान. अजूनही 'प'चा आकडा आला की माझं बोट हळदीच्या पोत्यावर टेकतं. दोन्ही मुलं शिकून याच धंद्यात उतरली, यंदा दुकान वाढवलं. बाई हयात असत्या तर पहिल्या सौद्याचा नारळ त्यांच्याच हातून फोडला असता.

2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. गावभागात माडीपर्यंत पाणी. बाईंना बोटीतून काढलं तेव्हा नव्वदीच्या घरात होत्या. मी धक्क्यावर उभा होतो. बाईंच्या मांडीवर पितळेचा डबा, डब्यात देव, आणि ओठ हलत होते. मला पाहून विचारलं, "तुझ्या दुकानात शिरलं का रे पाणी?" स्वतःच्या वाड्याबद्दल अक्षर नाही. पुढे तो वाडा उतरवला. आता तिथे अपार्टमेंट आहे.

शाळेचीही कौलं गेली, स्लॅब आला. मुलांना चांगल्या सोयी मिळाल्या, त्याचा आनंदच आहे. पण पाठांतराचा तास बंद झाला, हे ऐकून जीव हळहळला. म्हणून समितीला माझी विनंती आहे: दासनवमीच्या सुमारास पाचवी ते दहावीसाठी पाठांतराची स्पर्धा दरवर्षी घ्या. श्लोक, अभंग, कविता, मुलांना आवडेल ते म्हणू दे. बाईंच्या नावाचं बक्षीस मी देईन, तेवढी रक्कम शाळेच्या नावावर ठेवही ठेवेन. अट एकच. अडखळणारं मूल उभं राहिलं तर घंटी वाजवायची नाही, त्याचं म्हणून होईपर्यंत परीक्षकांनी बसायचं.